आईंच्या मानेतील कॅरोटिड ॲन्युरिझम: शस्त्रक्रिया, स्टेंट की वाट पाहणे?

तुमच्या प्रश्नातील माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर इतर वाचकांनाही समजेल. आईंचे वय 61 वर्षे असून त्या नागपुरात मानेवाडा भागात राहतात. त्यांना रक्तदाबाचा जुना त्रास आहे. जवळजवळ वर्षभरापासून डाव्या जबड्याच्या कोनाखाली एक गाठ आहे आणि ती हाताला उडताना लागते. एका डॉक्टरांनी ती लसिकाग्रंथी असावी असे समजून सुईची तपासणी सुचवली होती, पण सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावून पाहिले आणि ती सुई थांबवली. अहवालात डाव्या इंटर्नल कॅरोटिड धमनीला (मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला) 22 मिलिमीटरचा ॲन्युरिझम, म्हणजे धमनीच्या भिंतीचा फुगवटा, असून आतल्या भिंतीवर गुठळीचा थर असल्याचे लिहिले आहे. दहा दिवसांपूर्वी संध्याकाळी आईंच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला, पंधरा मिनिटे त्यांना शब्द सापडेनात आणि नंतर सगळे पूर्ववत झाले. तुम्ही विचारता की हा फुगा फुटेल का, शस्त्रक्रिया चांगली की स्टेंट (धमनीत आतून बसवायची जाळीची नळी), आणि मामा म्हणतात तसे या वयात मानेला हात न लावता थांबता येईल का.

या सगळ्यात माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट गाठीचा आकार नसून ती पंधरा मिनिटे आहेत. डावी कॅरोटिड धमनी मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाला रक्त पुरवते, आणि बहुतेक माणसांमध्ये बोलण्याचे व उजव्या हाताच्या हालचालीचे केंद्र त्याच बाजूला असते. उजवा हात आणि वाचा एकाच वेळी गेली याचा अर्थ, ॲन्युरिझममधील गुठळीचा एखादा कण सुटून मेंदूत गेला, तिथे काही काळ अडकला आणि विरघळला, असेच जवळजवळ धरून चालावे लागते. त्रास पूर्ण बरा झाला म्हणून घरातील माणसे निश्चिंत होतात, पण वैद्यकाच्या नजरेने हा पक्षाघाताचा इशारा असतो. अशा इशाऱ्यानंतर पक्का पक्षाघात येण्याचा धोका पहिल्या 48 तासांत सर्वाधिक असतो आणि पुढचे काही आठवडे तो चढाच राहतो. म्हणून आईंना रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांकडे किंवा मेंदूविकारतज्ज्ञांकडे पुढच्या आठवड्यात न नेता उद्याच न्यावे, असे मी आग्रहाने सांगतो. दरम्यान तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, बोबडी वळणे किंवा डाव्या डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे होणे, यांपैकी काहीही पुन्हा झाले तर किती वाजता सुरू झाले ते लिहून ठेवावे आणि 108 ला फोन करून जिथे सीटी स्कॅन व पक्षाघाताचे उपचार चोवीस तास चालू असतात अशाच रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. गुठळी तारेने ओढून काढण्याचा उपचार निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत करता येतो, पण तिथेही गेलेला प्रत्येक तास मेंदूचे काही ना काही नुकसान करतोच.

फुटण्याच्या भीतीबद्दल सांगायचे तर, पोटातील महाधमनीच्या ॲन्युरिझमबद्दल लोकांनी जे ऐकलेले असते ते मानेला जसेच्या तसे लागू होत नाही. पोटातला फुगा वाढत जाऊन फुटतो आणि माणूस दगावतो. मानेतला फुगा फुटणे तुलनेने फारच विरळा असते. त्याचा खरा धोका आत साचणाऱ्या गुठळीत आहे. धमनी रुंदावली की तिथे रक्ताचा वेग मंदावतो, प्रवाह कडेला गरगरतो, आणि नदीच्या डोहात गाळ बसावा तसे रक्त भिंतीला थरावर थर चिकटत जाते. या थराचा एखादा तुकडा सुटला तर त्याला वर मेंदू किंवा डोळ्याशिवाय दुसरीकडे जायला वाट नसते. फुटण्याची भीती खरोखर बाळगावी अशा तीन परिस्थिती आहेत. पहिली, धमनीच्या भिंतीत जंतुसंसर्ग झालेला असणे. दुसरी, आधीच्या शस्त्रक्रियेची शिवण उसवून तयार झालेला खोटा ॲन्युरिझम, म्हणजे भिंत फाटून रक्त बाहेर साचल्याने झालेला फुगा. आणि तिसरी, कर्करोगासाठी मानेला किरणोपचार मिळालेले असणे. तुम्ही दिलेल्या माहितीत यांपैकी एकही दिसत नाही, तरी पहिली शक्यता तपासून नाकारावी लागेल.

हा आजार दुर्मिळ आहे. शरीरातील सर्व ॲन्युरिझममध्ये मानेच्या भागातील कॅरोटिडचा वाटा एक टक्क्याहूनही कमी धरला जातो. त्यामुळे अनेक चांगल्या डॉक्टरांनीही तो पुस्तकाबाहेर पाहिलेला नसतो, आणि शस्त्रक्रिया विरुद्ध स्टेंट अशी चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेली तुलनात्मक चाचणीही या आजारात झालेली नाही. आम्ही जे ठरवतो ते निरनिराळ्या रुग्णालयांनी प्रसिद्ध केलेल्या रुग्णमालिकांवर आणि नेदरलँड्समधील यूट्रेख्त येथून चालवल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीसारख्या प्रयत्नांवर आधारलेले असते. म्हणून दोन डॉक्टरांची मते वेगळी आली तर त्यातले एक लबाड आहे असा समज करून घेऊ नये. दोघांनाही आपापल्या मताची कारणे विचारावीत.

आता निदान. मानेवर उडणारी प्रत्येक गाठ ॲन्युरिझम नसते, उलट बहुतेक वेळा नसतेच. तपासताना मी दोन बोटे गाठीच्या दोन बाजूंना ठेवतो. धमनीवर बसलेली लसिकाग्रंथी प्रत्येक ठोक्याला नुसती उचलली जाते, त्यामुळे दोन्ही बोटे एकाच दिशेने वर येतात. ॲन्युरिझममध्ये मात्र गाठ सगळीकडून फुगते आणि बोटे एकमेकांपासून दूर ढकलली जातात. कॅरोटिड बॉडीची (धमनीच्या दुभाजकापाशी असणाऱ्या लहानशा पेशीपुंजाची) गाठ धमनी दुभागते त्या कोनात वाढते. ती आडवी हलते पण वरखाली हलत नाही, आणि चित्रात धमनीच्या दोन शाखा फाकलेल्या दिसतात. रक्तदाब असलेल्या वयस्कर स्त्रियांमध्ये मानेच्या उजव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या अगदी वर, जे उडणे दिसते ते बहुधा लांबलेल्या व वळण घेतलेल्या धमनीचे असते आणि त्याला काहीही करावे लागत नाही. असे रुग्ण घाबरून येतात आणि डॉपलरनंतर समाधानाने घरी जातात. याशिवाय धमनी दुभागते तिथली नैसर्गिक रुंदीही कृश माणसाच्या मानेत ठळक दिसते. इंटर्नल कॅरोटिडचा व्यास साधारण 4 ते 6 मिलिमीटर असतो आणि मूळ व्यासाच्या दीडपट झाल्यावर आपण ॲन्युरिझम म्हणतो. आईंची धमनी 22 मिलिमीटर आहे, म्हणजे व्याख्येच्या काठावर वाद घालण्याचा प्रश्नच येत नाही.

ज्या सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी सुई थांबवली त्यांचे मनापासून आभार माना. मानेच्या बाजूच्या गाठीला डॉपलर केल्याशिवाय सुई लावू नये, हा नियम प्रत्येक दवाखान्याने पाळावा असे मला तीव्रतेने वाटते. काही वेळा धमनी बाहेर न फुगता घशाच्या आत फुगते आणि टॉन्सिलची जागा एका बाजूने पुढे आलेली दिसते. तिथे पू झाला असे समजून चिरा दिला तर जो रक्तस्राव होतो तो आवरणे अत्यंत अवघड असते. म्हणून घशातली अशी सूज दिसली की आधी तिच्यावर हळूच बोट ठेवून ती उडते का ते पाहावे.

डॉपलरने निदान झाले, पण त्यावरून उपचार ठरवता येत नाही. जबड्याच्या हाडामागे आणि कवटीच्या तळाशी सोनोग्राफीची लहर पोहोचत नाही, आणि आमचा सगळा निर्णय नेमका त्याच भागावर अवलंबून असतो. यासाठी सीटी अँजिओग्राफी (शिरेतून औषध देऊन धमन्यांचे काढलेले सीटी चित्र) करावी आणि ती छातीतील महाधमनीच्या कमानीपासून डोक्याच्या टाळूपर्यंतची असावी. चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहून घ्या, कारण नुसती मानेची सीटी झाली तर ती पुन्हा करावी लागते. तीत मी काय शोधतो ते सांगतो. ॲन्युरिझम कुठे संपतो आणि त्याच्या वर निरोगी धमनी किती उरली आहे, मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या वर तो जातो का, खालीवर धमनीला मुडप आहे का, दुसऱ्या बाजूची कॅरोटिड आणि पाठीमागच्या व्हर्टिब्रल धमन्या कशा आहेत, आणि मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंना जोडणारे विलिसचे वर्तुळ पूर्ण आहे का. हे वर्तुळ निम्म्याहून कमी माणसांत पुस्तकातल्या आकृतीसारखे पूर्ण असते. शस्त्रक्रियेत धमनी काही मिनिटे बंद ठेवली तर मेंदू ते किती सहन करील याचा अंदाज त्यावरून येतो. सीटीसोबत मेंदूचा डिफ्यूजन एमआरआय लगेच करून घ्या. तो ताजे, लहानसे मृत भागही दाखवतो, पण ही खूण साधारण दोन आठवड्यांनंतर पुसट होत जाते आणि तुमचे दहा दिवस गेलेले आहेत. अँजिओग्राफीपूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहावे लागते, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर सांगावे लागते, आणि नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत तपासणी होणार असेल तर उपाशी राहण्याच्या नावाखाली सकाळपासून पाणीही बंद करू नये. सुकलेल्या शरीरात दिलेला कॉन्ट्रास्ट (धमन्या चित्रात दिसाव्यात म्हणून टोचलेले औषध) मूत्रपिंडाला त्रास देतो. किती वेळ आधीपर्यंत पाणी चालेल ते केंद्राला विचारून घ्यावे.

यानंतर कारणाचा शोध येतो, आणि या भागाकडे घाईत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते असे माझे निरीक्षण आहे. साठीच्या पुढे रक्तदाब, तंबाखू व चरबी यांमुळे धमनीची भिंत झिजणे हे नेहमीचे कारण असते. तरुण माणसात अपघात, मानेला झटका किंवा धमनीच्या आतल्या थराला गेलेली चीर हे आधी आठवावे. सलूनमध्ये मान कडाडून मोडून घेण्याची सवय अनेकांना आनंदाची वाटते, पण त्या झटक्याने कॅरोटिड व व्हर्टिब्रल धमनीच्या आतला थर फाटू शकतो, म्हणून ती सवय सोडावी. चाळिशी-पन्नाशीतील स्त्रियांमध्ये फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया हा धमनीच्या भिंतीचा आजार दिसतो. त्यात मूत्रपिंडाच्या धमन्याही तपासाव्यात, कारण रक्तदाबाचे मूळ तिथे असू शकते. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी 1908 मध्ये ज्याचे वर्णन केले तो ताकायासूचा दाह आपल्या देशात तरुण मुलींमध्ये आढळतो. त्यात धमन्या बहुधा अरुंद होतात, पण काहींमध्ये फुगतातही. अशा रुग्णात दाह चालू असताना टाका घातला तर तो धरत नाही, त्यामुळे आधी स्टेरॉइड व इतर औषधांनी दाह शांत करावा लागतो. एहलर्स-डॅनलॉस या ऊती कमजोर असणाऱ्या आनुवंशिक आजाराचा रक्तवाहिन्यांचा प्रकार असेल तर साध्या तारेच्या अँजिओग्राफीनेही धमनी फाटू शकते. कुटुंबात कोणी तरुणपणी अचानक धमनी किंवा आतडे फुटून गेले असेल तर ते लाजेने लपवू नये.

विदर्भात आम्हाला आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडाऱ्याकडून येणाऱ्या रुग्णांत सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) पुष्कळ आहे. सिकलसेलच्या रुग्णाला साल्मोनेला या जंतूचा संसर्ग इतरांपेक्षा सहज होतो, आणि हाच जंतू धमनीच्या भिंतीत घर करून संसर्गजन्य ॲन्युरिझम निर्माण करणाऱ्या जंतूंपैकी एक आहे. शिवाय भूल देताना शरीर थंड पडणे, पाणी कमी होणे आणि प्राणवायू घटणे या तीन गोष्टी सिकलसेलमध्ये घातक ठरतात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ही तपासणी झालेली असावी. दुसरी गोष्ट खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची. तोंडाच्या कर्करोगासाठी मानेची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झालेले रुग्ण आपल्याकडे मोठ्या संख्येने आहेत, आणि वर्षानुवर्षांनी त्यांच्यात कॅरोटिडची भिंत कमजोर होऊन खोटा ॲन्युरिझम तयार होऊ शकतो. अशा रुग्णाच्या तोंडातून किंवा मानेच्या जखमेतून एकदा थोडेसे लाल रक्त येऊन आपोआप थांबले, तर पुढचा मोठा रक्तस्राव होण्याआधी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आईंना ताप, गाठीवर लाली, दुखणे किंवा काही आठवड्यांत झपाट्याने वाढ असे काही आहे का ते नीट सांगा. ईएसआर, सीआरपी (दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि गरज वाटल्यास रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू आहेत का याची तपासणी) करून संसर्ग नाकारता येतो. पोटाची सोनोग्राफी करून महाधमनी पाहावी आणि गुडघ्यामागच्या धमन्या हाताने तपासाव्यात, कारण झिजेचा ॲन्युरिझम एका जागी असला की दुसरीकडेही असण्याची शक्यता वाढते.

मामांच्या सल्ल्याचाही मी गांभीर्याने विचार केला, कारण थांबणे हा काही रुग्णांत खरोखर योग्य उपचार आहे. धमनीच्या आतल्या थराला चीर पडून झालेला लहान, त्रास न देणारा खोटा ॲन्युरिझम ॲस्पिरिनवर ठेवून ठरावीक काळाने चित्र काढत राहिले तर बहुधा तसाच राहतो किंवा लहान होतो. अतिशय वृद्ध, आधीच अंथरुणाला खिळलेल्या माणसातही आम्ही थांबतो. परंतु 22 मिलिमीटरचा, आत गुठळी असलेला आणि एकदा मेंदूत कण पाठवून झालेला ॲन्युरिझम या गटात बसत नाही. इथे वाट पाहणे म्हणजे दुसऱ्या झटक्याची वाट पाहणे होईल, आणि तो पंधरा मिनिटांत उतरेलच असे कोणी सांगू शकत नाही.

शस्त्रक्रियेचा इतिहास दोन शतकांहून जुना आहे. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये ॲस्टली कूपर यांनी 1805 मध्ये कॅरोटिडच्या ॲन्युरिझमसाठी धमनी बांधली, तो रुग्ण वाचला नाही. 1808 मध्ये त्यांनी दुसऱ्या रुग्णात तीच शस्त्रक्रिया केली आणि तो पुढे 13 वर्षे जगला. त्याच्या मेंदूला दुसऱ्या बाजूने पुरेसे रक्त मिळत राहिले म्हणून हे घडले. ज्यांचे विलिसचे वर्तुळ अपुरे होते त्यांना अशा बांधण्यानंतर पक्षाघात होई, आणि जुन्या नोंदींत हे प्रमाण सुमारे चारांत एक असे आढळते. म्हणून आज धमनी नुसती बांधणे हा शेवटचा, जीव वाचवण्यापुरता उपाय उरला आहे. शक्य तिथे आधी तारेच्या टोकावरील लहान बलूनने धमनी तात्पुरती बंद करून जागा असलेल्या रुग्णाचे बोलणे व हातपाय तपासले जातात.

आजच्या शस्त्रक्रियेत ॲन्युरिझम काढून रक्तप्रवाह पुन्हा जोडतात. कानाच्या पाळीखालून मानेच्या स्नायूच्या पुढच्या कडेने चिरा दिला जातो. यात मी स्वतः सर्वांत जपतो तो क्षण फुग्याला हात लावण्याच्या आधीचा. खालची कॉमन कॅरोटिड (दुभागण्यापूर्वीची मूळ धमनी) आणि वरची इंटर्नल कॅरोटिड आधी मोकळी करून घेतो, फुगा तसाच पडून राहू देतो, हेपारिन (रक्त गोठू न देणारे औषध) देऊन ते रक्तात भिनेपर्यंत थांबतो, आणि पहिला क्लॅम्प (धमनी बंद करणारा चिमटा) मेंदूकडे जाणाऱ्या टोकाला लावतो. फुगा आधी चाचपला तर आतली गुठळी वर सरकते आणि ज्यासाठी रुग्ण आला तेच आपल्या हातून घडते. वरचे टोक बंद झाल्यावरच खालचे क्लॅम्प लावून फुगा उघडायचा. अशा धमन्या बहुधा लांबून मुडपलेल्या असतात, त्यामुळे फुग्याचा भाग काढल्यावर उरलेली दोन टोके ताण न पडता थेट जोडता येतात, आणि ही जोडणी मला सर्वांत समाधानाची वाटते. टोके पोहोचली नाहीत तर मांडीची सॅफिनस शीर काढून मधे जोडतात. त्यासाठी आधी पायाच्या शिरांची सोनोग्राफी करून ठेवावी. क्लॅम्प लावलेल्या वेळात मेंदूला रक्त कमी पडते आहे असे दिसले तर शंट नावाची तात्पुरती नळी टाकून प्रवाह चालू ठेवतात.

या शस्त्रक्रियेत पक्षाघाताचा धोका असतो, आणि तो शून्य आहे असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. अनुभवी हातांत तो एकआकडी टक्क्यांत राहतो. त्याहून जास्त वेळा त्रास होतो तो मज्जातंतूंना. फुगलेल्या धमनीला चिकटून व्हेगस मज्जातंतू जातो, त्याला ताण बसला तर आवाज घोगरा होतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. जीभ हलवणारा हायपोग्लॉसल वरून आडवा जातो, त्याला ताण बसला तर जीभ त्या बाजूला वळते. ओठाचा कोपरा खाली ओढणारा चेहऱ्याच्या मज्जातंतूचा बारीक तंतू जबड्याच्या कडेला असतो. साधारण दहांतील एका रुग्णाला यांपैकी काहीतरी जाणवते, आणि बहुतेकांमध्ये ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येते. शस्त्रक्रियेपूर्वीच आवाज बदललेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र पाहून घ्यावे, म्हणजे कोणता दोष आधीचा आणि कोणता नंतरचा हे कळते. फुगा कवटीच्या तळापर्यंत चढलेला असेल तर जबडा पुढे सरकवणे, डायगॅस्ट्रिक स्नायू कापणे, स्टायलॉइड हाड काढणे असे करत वर जावे लागते, आणि प्रत्येक पायरीला मज्जातंतूंचा धोका वाढतो.

अशा उंचावरच्या फुग्यांत स्टेंटचे मोल फार मोठे आहे. मांडीच्या धमनीतून तार नेऊन कापडाचे आवरण असलेला स्टेंट फुग्याच्या तोंडासमोर बसवला की रक्त स्टेंटमधून वाहते आणि फुगा आत गोठून जातो. काही ठिकाणी स्टेंटच्या जाळीतून फुग्यात कॉइल (बारीक धातूची वेटोळी) भरतात किंवा प्रवाह वळवणारा दाट जाळीचा स्टेंट वापरतात. मान उघडावी लागत नाही आणि मज्जातंतू सुरक्षित राहतात. किरणोपचारानंतर मान दगडासारखी घट्ट झालेल्या रुग्णात, किंवा अचानक रक्तस्राव झालेल्या रुग्णात, मी आधी स्टेंटचाच विचार करतो. त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ताजी गुठळी असलेल्या, वेड्यावाकड्या वळणाच्या धमनीतून तार नेतानाच कण सुटू शकतो. बाहेरून मज्जातंतूंवर दाब देणारी गाठ लगेच नाहीशी होत नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या किमान काही महिने आणि नंतर एक गोळी कायम घ्यावी लागते, आणि मधेच गोळी सोडली तर स्टेंट बंद पडून पक्षाघात होऊ शकतो. भिंतीत संसर्ग असेल तर स्टेंट ही परकी वस्तू तिथे ठेवणे टाळावे. तिथे संसर्गित भाग काढून स्वतःची शीर जोडणे आणि निदान सहा आठवडे प्रतिजैविके देणे हाच भरवशाचा मार्ग असतो. फक्त रुग्ण रक्तस्रावाने हातचा जात असेल तर वेळ मिळवण्यासाठी स्टेंट टाकून पुढची योजना करतात.

आता तुमच्या आईंबद्दल माझे मत. सीटीमध्ये फुगा दुसऱ्या मणक्याच्या खाली संपत असेल, वर निरोगी धमनी पुरेशी असेल आणि हृदयाच्या तपासण्या समाधानकारक असतील तर मी मोकळी शस्त्रक्रिया सुचवीन, आणि मेंदूच्या एमआरआयमध्ये मोठा ताजा घाव नसेल तर ती लवकर, शक्यतो पुढच्या काही दिवसांतच करावी असे म्हणेन. 61 हे वय त्यासाठी अजिबात जास्त नाही. शस्त्रक्रियेने गुठळीचा साठाच निघून जातो आणि पुढची वीस वर्षे एखाद्या धातूच्या जाळीची काळजी करत राहावी लागत नाही. फुगा त्याहून वर गेला असेल, हृदय कमकुवत असेल किंवा मानेवर आधी मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल तर स्टेंट निवडावा. आकार फक्त 22 मिलिमीटरच आहे म्हणून थांबू या, किंवा नवे तंत्र आहे म्हणून स्टेंटच टाकू या, अशी एकाच मुद्द्यावरची कारणे पुरेशी मानू नका.

निर्णयापर्यंतच्या दिवसांत काय करावे, तेही सांगतो. मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटी किंवा एमआरआयने पक्के झाल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी व कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टर सुरू करतील. घरातल्या घरात कोणाच्या उरलेल्या गोळ्या देऊ नयेत. रक्तदाबाची औषधे वेळेवर चालू ठेवावीत, पण डोस मनाने वाढवू नये, कारण दाब एकदम खाली गेला तरी मेंदूला रक्त कमी पडते. गाठ चोळणे, शेकणे, तेल लावून मालिश करणे किंवा लेप लावून पट्टी आवळणे पूर्ण बंद ठेवावे. दिवसातून दहा वेळा बोट लावून ती उडते का ते पाहणेही थांबवावे. तंबाखू कोणत्याही रूपात असेल, खर्रा, मिसरी किंवा विडी, तर ती आजच सुटली पाहिजे.

धंतोली-रामदासपेठेत तपासणीची केंद्रे आणि तज्ज्ञ दोन्ही जवळजवळ आहेत, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधील एम्स हे सार्वजनिक पर्यायही आहेत, त्यामुळे दुसरे मत घ्यायला एक-दोन दिवसांहून जास्त लागू नयेत. मात्र तीन-चार ठिकाणी फिरण्यात दोन आठवडे घालवू नका. जिथे जाल तिथे थेट विचारा की मानेच्या धमन्यांच्या शस्त्रक्रिया इथे नियमित होतात का, मेंदूच्या धमन्यांत तारेने उपचार करणारे तज्ज्ञ त्याच रुग्णालयात आहेत का, आणि रात्री काही झाले तर कोण उपलब्ध असेल. ज्या केंद्रात दोन्ही पद्धती होतात तिथला सल्ला सहसा अधिक मोकळा असतो. खर्चाची अडचण असेल तर दाखल होण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रांना भेटून शिधापत्रिका व आधार दाखवा. नंतर धावपळ केली तर मंजुरीत अडथळे येतात. सीटीची फिल्म पुरेशी नसते, तिची सीडी मागून घ्या, कारण आम्हाला धमनी प्रत्येक कोनातून फिरवून पाहायची असते.

शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र अतिदक्षता विभागात काढावी लागते. मानेत सूज वाढून श्वास अडखळू लागला किंवा रक्तदाब एकदम चढला तर तिथल्या परिचारिकांच्या ते लगेच लक्षात येते. घरी गेल्यावर पहिल्या महिन्यात ऑपरेशनच्या बाजूला तीव्र डोकेदुखी सुरू झाली, विशेषतः रक्तदाब वाढलेला असताना, तर ती साधी डोकेदुखी समजू नका. वाढलेला रक्तप्रवाह मेंदूला न झेपल्याची ती खूण असू शकते, आणि त्याच दिवशी रक्तदाब ताब्यात आणला तर पुढचा झटका किंवा मेंदूतील रक्तस्राव टाळता येतो. डॉपलर एका महिन्याने, सहा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावा, आणि त्यात दुसऱ्या बाजूची कॅरोटिडही प्रत्येक वेळी पाहून घ्यावी.